हादग्याच्या गाण्यांतले सासर



सप्टेंबरची २६-२७ तारीख उलटली, सूर्य हस्त नक्षत्रात गेला, की शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात. हत्तीचा पाऊस नीट पडला तर रब्बीची निम्मी काळजी मिटते. आणि त्याच दिवसांत गावातल्या मुली पाटावर हत्तीचे चित्र काढतात, अंगणाच्या मध्यावर तो पाट मांडतात, त्याला फुले वाहतात आणि हातात हात गुंफून त्याच्याभोवती फेर धरतात. कोणी याला हादगा म्हणते, कोणी भोंडला. विदर्भात भाद्रपदी पौर्णिमेपासून महिनाभर भुलाबाई बसते, खानदेशात गुलाबाई. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे करीत सोळाव्या दिवशी सोळा. गाणी झाली की डब्यात दडवलेली खिरापत ओळखायची. आम्हां मुलग्यांचा गाण्यांशी संबंध नसे; खिरापतीशी मात्र फार जवळचा. कठड्यावर पाय हलवीत बसायचे आणि गाणी संपण्याची वाट पाहायची, एवढेच आमचे काम.

असे वाट पाहता पाहता ती गाणी मला पाठ झाली. तुम्हांलाही झाली असतील. पाठ झालेल्या गाण्याची गंमत अशी की, ते पायाला आणि टाळीला आठवते, कानाला ऐकू येत नाही. पुढे महाविद्यालयात लोकसाहित्य शिकवायची वेळ आली, तेव्हा यांतली काही गाणी मी प्रथमच फळ्यावर लिहून काढली. टाळी गेली, फेर गेला, नुसते शब्द उरले. ते वाचताना वर्ग गप्प झाला, आणि खरे सांगायचे तर मीही खडू हातात धरून क्षणभर तसाच उभा राहिलो.

कारल्याच्या वेलाचे गाणे घ्या. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू नाही म्हणत नाही बरं का! ती म्हणते, कारल्याचे बी पेर आणि मग जा. बी पेरून होते. आता कोंब येऊ दे. कोंब येतो, वेल चढतो, फूल येते, कारले लागते. मग त्याची भाजी कर, मग जेवणे होऊ देत, मग खरकटी काढ. प्रत्येक पायरीला मुली तेच पालुपद त्याच उत्साहाने घोळवतात. आपल्यांत शेती करणारे श्रोते पुष्कळ असतील, त्यांनीच हिशेब करावा. कारले लावल्यापासून तोडणीला यायला दोन महिने तरी सहज जातात. एका ‘जाऊ का?’ या प्रश्नाला दोन महिन्यांचे उत्तर! आणि एवढे सगळे झाल्यावर सासू म्हणते, मला काय विचारतेस, सासऱ्याला विचार. तिथून दीर, नणंद असे करीत करीत ते नवऱ्यापर्यंत जाते. नकाराचा शब्द गाण्यात कुठेही नाही. घरात ज्यांनी असला नकार सोसला आहे, त्यांनाच हे गाणे सुचू शकते.

नणंद-भावजयीच्या गाण्यात शिंक्यावरचे लोणी नाहीसे होते. घरात दोघीच आहेत, तिसरे माणूस नाही. नणंद भावाकडे गाऱ्हाणे नेते की, तुझी बायको चोर. भाऊ चौकशी करीत नाही. तो हाती काठी घ्यायला सांगतो, आणि त्याच श्वासात बायकोला घरची लक्ष्मीही म्हणतो. या दोन गोष्टी एका ओळीत बसवायला केवढी तीक्ष्ण नजर लागत असेल! एखाद्या सुधारकाने याच विषयावर वीस पानी निबंध लिहिला असता. इथे चारदोन ओळींत काम झाले, आणि त्या ओळींवर टाळी पडली.

आता वेड्याच्या बायकोचे गाणे. हे सगळ्यांत लाडके. आमच्याकडे हे आले की कठड्यावरची मुलेसुद्धा सामील होत. वेड्याची बायको एकेक पदार्थ करते आणि वेडा त्याचे काहीतरी भलतेच करतो. करंज्या केल्या, तर होड्या समजून पाण्यात सोडतो. लाडू केले, तर चेंडू समजून खेळायला घेतो. शेवया केल्या, तर गांडुळे म्हणून फेकून देतो. कडवी वाढवावी तितकी वाढतात. अलीकडच्या मुलींनी यात श्रीखंडाला तोंडाला फासायचे क्रीम समजणारा वेडाही घातला आहे, आणि तो मला फार आवडतो. हसून हसून मुरकुंडी वळते. आणि मग शेवटचे कडवे येते. बायको पलंगावर झोपलेली असते. वेडा डोकावून पाहतो, ती मेली असे समजतो आणि तिला जाळून टाकतो.

याच टाळीवर, याच चालीवर. त्यानंतर खिरापत.

कोणी म्हणेल, ही नुसती वेड्याची गोष्ट. लोककथांतले वेडे असेच वागतात. ते खरे आहे. या गाण्याला मी कुठल्या घडलेल्या प्रसंगाची नोंद मानीत नाही. लोकगीत म्हणजे पोलिसांचा पंचनामा नव्हे. परंतु गाण्याची रचना पाहा. कडव्यामागून कडवी ती बाई राबते आहे. करंज्या, लाडू, शेवया यांतले एकही काम सोपे नाही. करणाऱ्या बायकांना विचारा. केलेले सगळे वाया जाते, तरी ती पुढचे करायला घेते. साऱ्या गाण्यात ती आडवी होते ती फक्त एकदा. आणि आडवी झालेली दिसताच तिला मेलेली समजतात. ज्या घरात बाई विसावलेली कुणी कधी पाहिलीच नाही, त्या घरात दुसरे काय समजणार? यात मला वेड्याचा वेडेपणा कमी आणि घराची रीत जास्त दिसते.

याच्या अगदी उलट एक गाणे आहे, त्यात मुलगी माहेरी आहे आणि सासरची माणसे न्यायला येताहेत. सासरा दारात दागिना घेऊन उभा. मुलगी म्हणते, मला दागिना नको, मी येणार नाही. चारी दारे लावा आणि कुत्रा सोडा. मग सासू येते, दीर येतो, नणंद येते. दर खेपेला नवा दागिना आणि दर खेपेला तोच कुत्रा. शेवटी नवरा मंगळसूत्र घेऊन येतो. तेव्हा दारे उघडतात आणि कुत्रा बांधला जातो. शेवट गोड आहे, रीतीला धरून आहे. पण त्याआधी चार वेळा ‘येत नाही’ म्हणून होते, तेही दहाबारा मुलींच्या एका सुरात, वडीलधाऱ्यांच्या देखत!

हे वाक्य गाण्याबाहेर उच्चारले तर काय होत असे, ते आपल्याला माहीत आहे. रखमाबाईचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. १८८४ साली नवऱ्याने तिला नांदायला आणण्यासाठी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ साली निकाल तिच्या बाजूने लागला, मग अपील झाले, आणि १८८७ साली कोर्टाने सांगितले की, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे १८८८ साली तडजोड झाली, ती विलायतेला गेली, डॉक्टर होऊन परत आली आणि सुरत-राजकोटला तिने बायकांसाठी आयुष्य वेचले. तिच्या खटल्याने देशभर वाद माजला, आणि १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. वय किती ठरले? बारा. हादग्याच्या फेरात उभी राहणारी मुलगी याच वयाची असे. पुढच्या वर्षीच्या हादग्याला ती माहेरी असेल की नाही, याची खात्री तिला नसे.

म्हणून ही गाणी मी खेळगाणी म्हणून सोडून देऊ शकत नाही. सासुरवाशिणीचे दुःख आपल्याकडे ओव्यांतही आहे. पहाटे अंधारात, जात्याशी, एकटीने म्हटलेल्या ओव्या त्या. तिथे शब्द जड आणि सूरही जड, ऐकणारा गहिवरतो. सानेगुरुजींनी अशा ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या पुस्तकांतून असे पुष्कळ धन जपले. पण ओवी जात्यापाशी राहते. हादग्याचे गाणे अंगणात येते, भर उजेडात, चार घरांना ऐकू जाईल असे. एवढ्या मोठ्याने बोलायचे तर तोंड हसरे ठेवावेच लागते. आणि सगळीच हादगा-गाणी अशी काळोखी आहेत, असेही नव्हे. गणपतीची आहेत, कृष्णाची आहेत, आणि ज्यांना काहीच अर्थ नाही अशी तर भरपूर आहेत. अर्थ नसलेल्या गाण्यांच्या रांगेतच हीसुद्धा निमूटपणे उभी आहेत. म्हणून तर ती निसटतात. मंगळागौरीच्या घुमेचेही तसेच. नाचायला सांगितले की ती म्हणते, कासार आला नाही, बांगड्या नाहीत, कशी नाचू? आपण हसतो. माधवी देसाईंनी आपल्या आत्मचरित्राला त्या गाण्याचेच नाव दिले, तेव्हा कुठे पुष्कळांना कळले की तो प्रश्न खरा होता.

आता शिक्षकबंधूंशी आणि भगिनींशी थोडे बोलायचे आहे. शाळाशाळांतून हल्ली हादगा होतो, ही आनंदाची गोष्ट. एका शाळेत मी पाहुणा होतो. बाईंनी वेड्याचे गाणे बसवले होते, शेवटचे कडवे वगळून. लोण्याच्या गाण्यातली काठीही गेली होती. मी विचारले, तर म्हणाल्या, ‘सर, मुली लहान आहेत. आणि पेपरात रोज काय येतं ते आपण वाचतोच.’ त्यांचा हेतू चांगला होता, त्याबद्दल शंका नाही. सुनांना जाळल्याच्या बातम्या आपल्या देशात इतक्या झाल्या की, १९८३ साली विवाहितेच्या छळाविरुद्ध आणि १९८६ साली हुंडाबळीविरुद्ध दंडसंहितेत स्वतंत्र कलमे घालावी लागली. अशा देशात ते कडवे आठदहा वर्षांच्या मुलींकडून टाळ्या वाजवून म्हणवून घ्यायला बाईंचा जीव धजावला नाही, तर मी त्यांना काय दोष देऊ?

तरीही मला वाटते, कडवे राहू द्यावे. ते काढले की गाणे खरोखरच नुसते वेड्याचे होते. फेर संपल्यावर, खिरापत वाटता वाटता, मुलींना एवढेच विचारावे की, ती बाई झोपली का होती? उत्तर आपण सांगू नये. आणि हा प्रश्न मुलग्यांनाही विचारावा. आम्हांला कठड्यावर कुणी विचारला नाही.

माझ्या आत्याचे सांगतो आणि थांबतो. आत्या सातवी शिकलेली, सतराव्या वर्षी लग्न झालेली. तिच्या सासरी काय होते ते आमच्या घरात कुणी कधी बोलले नाही. ती दोन वर्षांनी माहेरी आली आणि पुन्हा गेली नाही, एवढेच आम्हांला माहीत. आमच्या आळीचा हादगा तिच्याशिवाय होत नसे. आवाज खडा. काठीची ओळ तीच सगळ्यांत मोठ्याने म्हणायची. वेड्याच्या गाण्यात मात्र शेवटचे कडवे आले की ती ‘खिरापत बघून येते’ म्हणून आत जायची. हे मी लहानपणी कितीदा पाहिले, पण मला त्यात काही दिसले नाही. खिरापत आणायला गेली म्हणून मी खूषच असायचो.

मागच्या हस्तात विद्यार्थ्यांना ऐकवण्यासाठी म्हणून मी तिचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला. तिने सगळी गाणी म्हटली. या वेळी उठून जायला आत खिरापत नव्हती, तिने शेवटचे कडवेही म्हटले. मी विचारले, ‘आत्या, सासरी म्हणायचीस का गं ही गाणी?’

‘खुळा आहेस का? सासरी कोण म्हणू देईल? ही माहेरचीच.’

‘मग एवढ्या आनंदाने का म्हणायचात?’

ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘अरे, धाकट्या पोरी असायच्या फेरात. त्यांना सांगायला तर पाहिजे. रडत सांगितलं असतं तर एक तरी बोहल्यावर उभी राहिली असती का?’

मी ते ध्वनिमुद्रण वर्गात लावले. दिवाळीत तिच्याकडे गेलो, तेव्हा फराळाचे ताट पुढे सरकवीत तिने विचारले, ‘काय रे, तुझ्या पोरींनी ऐकलं का?’

‘ऐकलं.’

‘टाळ्या वाजवल्या का?’

‘सुरुवातीला वाजवल्या. शेवटी थांबल्या.’

‘कुठे थांबल्या?’

मी सांगितले. आत्याने मान हलवली आणि ताटातली एक करंजी उचलून माझ्या हातावर ठेवली.