चौघांविरुद्ध चौघे

आधी एक साधा हिशेब करू. फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा आणि मैदानावर खेळाडू बावीस. चेंडू सगळ्यांना सारखा वाटून दिला, तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम चार मिनिटे येतात. प्रत्यक्षात तेवढीही नाहीत, कारण चेंडू बराच वेळ हवेत तरी असतो, नाहीतर मैदानाबाहेर. आता हे बावीसजण दहा-अकरा वर्षांचे आहेत असे समजा. पाच-सहा दांडगी मुले चेंडूमागे धावत असतात. आणि बचावात मागे उभा केलेला एखादा पोरगा बुटाच्या नाडीशी खेळत राहतो. घरी जाऊन तो सांगतो, आम्ही जिंकलो. चेंडूला पाय किती वेळा लागला, हे त्याला कुणी विचारत नाही.

लहान मुलांच्या खेळात लिंबूटिंबू असतो ना, खेळात असून नसल्यासारखा? मोठ्या मैदानावरच्या सरावात निम्मी मुले कुणी न सांगता लिंबूटिंबू होऊन जातात.

मी कोल्हापुरात शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवतो. इथे हा पेठांचा खेळ. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशी तालमींची नावे संघांना आहेत आणि शाहू स्टेडियमवर त्यांच्यासाठी गर्दी लोटते. त्यातून २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव खेळला, तेव्हापासून पालकांच्या आशाही वाढल्या. त्यामुळे मी मुलांना चौघांविरुद्ध चौघे असे छोट्या मैदानात खेळवू लागलो, की कडेने हमखास प्रश्न येतो, "सर, खरी मॅच कवा?"

त्यांना मी तालमीतल्या कुस्तीकडे बोट दाखवतो. वस्ताद नव्या पोराला थेट मोठ्या मैदानात उतरवत नाही. पण नुसत्या जोर-बैठकाही काढायला लावत नाही. तो त्याला रोज जोडीदाराबरोबर मातीत घालतो, कारण समोरचा विरोध करत असेल तरच डाव शिकता येतो. प्लॅस्टिकचे कोन मांडून त्यांतून चेंडू काढत नेण्याचा सराव मला म्हणूनच अपुरा वाटतो. कोन काही पाय घालत नाही.

सोळा मुले आली, तर मी दोन मैदाने करतो. प्रत्येक साधारण तीस मीटर लांब, वीस मीटर रुंद. फक्कीने आखावे, नाहीतर कोपऱ्यांत चपला ठेवाव्यात. गोल दोन ढांगांचा, गोलरक्षक नाही. चार मिनिटे खेळ, दोन मिनिटे विश्रांती, असे पाच-सहा डाव. छोट्या मैदानात सारखे थांबणे-वळणे असते, गुडघे-घोट्यांवर ताण येतो, तेव्हा विश्रांतीत काटकसर करू नये. जादा चेंडू कडेला तयार ठेवावेत. एक चेंडू गटारात गेला म्हणून आठ मुले खोळंबली, तर सगळा हिशेबच फसला.

पूर्ण मैदान १०५ बाय ६८ मीटरचे धरले, तर प्रत्येक खेळाडूमागे सुमारे सव्वातीनशे चौरस मीटर जागा येते. इथे येते ७५. चेंडू पायाशी येतो न येतो तोच कुणीतरी अंगावर आलेला असतो. म्हणून चेंडू येण्याआधीच मान वळवून बघायची सवय लागते. हे फळ्यावर कितीही समजावून सांगा, लागत नाही.

मग नियम बदलून बघायचे. प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन छोटे गोल ठेवले, की एका बाजूला गर्दी झाल्यावर मुले आपोआप दुसरीकडे चेंडू फिरवतात. 'दोनच स्पर्श' हा नियम प्रशिक्षकांचा लाडका आहे. मी तो नवख्यांना लावत नाही. नुकतीच हुलकावणी द्यायला शिकलेल्या मुलाचा त्यात हिरमोड होतो. मला सर्वांत आवडतो तो दोन्हीकडचा गडी. नऊ मुले असली, की नववा कायम चेंडू असलेल्या संघाकडून खेळतो. तिथे मी मुद्दाम बुजऱ्या मुलाला घालतो. त्याच्यामुळे चेंडूवाल्यांचा एक गडी जास्त होतो, त्यामुळे तो बहुतेक वेळा मोकळा सापडतो आणि दोन्हीकडची मुले त्याच्याच नावाने हाका मारतात. एरवी वर्गातही ज्याचे नाव ऐकू येत नाही, त्याचे.

या वेळी प्रशिक्षकाने गप्प बसावे. अवघड आहे, पण बसावे. कडेचे "मार वर! मार वर!" तर आधी बंद करावे. चेंडू वर मारला, की पायाशी ठेवण्याची धडपडच संपते.

हे काही माझे डोके नव्हे. उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओ शहरात १९३० मध्ये हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने वायएमसीएत पाच-पाच जणांचा फुटबॉल सुरू केला. पुढे त्याचाच फुटसाल झाला. ब्राझीलचा रोनाल्डिन्यो लहानपणी तोच खेळत होता. जर्मनीने तर २०२४-२५ च्या हंगामापासून सर्वांत लहान वयोगटांसाठी छोट्या मैदानांवरचे, कमी खेळाडूंचे सामने देशभर सक्तीचे केले.

यात सगळेच शिकता येते असे मात्र नाही. लांब पास, क्रॉस, मोकळ्या जागेतली लांब धाव यांना जागाच नसते, आणि गोलरक्षकाचा सराव वेगळा घ्यावा लागतो. म्हणून मोठ्या मुलांना शेवटची वीस मिनिटे मी मोठे मैदान देतो.

तरीही एखाद्या पालकाचे समाधान झाले नाही, तर मी त्यांच्या हातात कागद-पेन्सिल देतो. एकच मूल निवडायचे आणि दहा मिनिटांत चेंडूला त्याचा पाय किती वेळा लागला, त्याच्या रेघा मारायच्या. एकदा छोट्या मैदानावर, एकदा मोठ्या. अट एवढीच, की मूल दुसऱ्याचे निवडायचे. स्वतःच्या मुलाच्या रेघा मारताना हात जरा सढळ होतो, असा अनुभव आहे.