गाळाची पंगत



श्रोतेहो, तळ्याकाठी लांब पायांचं काहीही दिसलं की आपण ‘बगळा’ म्हणून मोकळे होतो. म्हणा बापडे, त्यावरून भांडायला मी आलेलो नाही. उडताना मान मुडपून घेतो तो बगळा आणि मान पुढे ताणून जातात ते करकोचे, चमचे, शराटी, एवढं ध्यानात ठेवलंत तरी पुष्कळ. मला बोलायचंय ते त्यांच्या पायांखालच्या गाळाबद्दल.

तळ्याचा उथळ काठ म्हणजे पंगत. प्रत्येकाचं पान ठरलेलं. अगदी कडेला, ओल्या चिखलात ढोकरी दबा धरून बसलेली. वीतभर पाण्यात शेकाट्या, गुलाबी पाय उचलून टाकत किडे टिपणारा. त्याच्या पुढे चमचा, अर्धवट उघडी चोच पाण्यात घालून डावीउजवीकडे फिरवत चालणारा. चित्रबलाकाची तऱ्हा तर बघत राहावी. उघडी चोच बुडवायची, एका पायानं गाळ ढवळायचा आणि मासा चोचीला लागला की पटकन मिटायची. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग काय? मुग्धबलाक पंगतीत असला, तरी त्याला मुख्यतः गोगलगायीच वाढायच्या.

आता हेच तळं सुशोभीकरणात खोल खणलं, सगळीकडून उभी दगडी भिंत घातली, काठोकाठ पाणी भरलं. पानं वाढलेली आहेत, पण बसायला पाटच नाही! पाण्यात मासे असतील, शंखही असतील. पाय टेकत नसतील तर ते काय कामाचे?

गाळ म्हणजे घाण नव्हे. पुन्हा सांगतो, घाण नव्हे. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर घ्या. गोदावरीवर बंधारा बांधला, मागे वर्षानुवर्षं गाळ साचला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, म्हणून तिथे पाखरं आली. 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, त्याच्या मुळाशी हा गाळच! उजनी धरणाचंही तेच. पाणी उतरून भिगवणकडचा काठ उघडा पडला की रोहित पक्षी जमतात. धरणाच्या उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करणाऱ्याला गाळाची किंमत सांगावी लागत नाही. ती आपल्याला सांगावी लागते, फरसबंदीवरून फिरणाऱ्यांना.

गाळ काढूच नका, असं मी म्हणत नाही. पाणी साठायला हवं, शेताला गाळ हवा, कबूल. पण ज्यांच्या हाती गावतळ्याचा नकाशा आहे त्यांनी वस्तीपासून लांबची एक बाजू तरी तशीच, उतरती ठेवावी. एकच बाजू! उतार किती हवा, तर पाऊल घसरणार नाही आणि... काचेपलीकडून खूण झाली, वेळ संपली. रात बगळा राहिलाच. तो अंधार पडल्यावर जेवायला येतो, त्याचं पान पुढच्या वेळी वाढू.