प्रभातच्या फाटकाशी बसलेली नटी

माझं भाषण संपलं की फिशपाँड सुरू होणार म्हणून घड्याळाकडे बघत बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्या सांस्कृतिक सचिवांनी मला फोनवर सांगितलं, "मॅडम, सिनेमातल्या करिअरबद्दल बोला. आमच्यातल्या बऱ्याच जणांना तिकडे जायचंय." जरूर जा. पण जाण्याआधी मी तुमची एका नटीशी ओळख करून देणार आहे. तिचं नाव शांता आपटे.

जन्म 1916 चा. पंढरपुरात गाण्याचं शिक्षण झालं आणि 1932 साली, जेमतेम सोळाव्या वर्षी, भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये ती राधा झाली. शाहू मोडक कृष्ण होते. पुढं प्रभात ही चित्रपट कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली आणि पुण्यातल्या त्यांच्या पहिल्याच चित्रपटात, 1934 च्या 'अमृतमंथन'मध्ये, शांताबाई होत्या. चेहरा बोलका, गळा गोड आणि गाताना हातवारे मोकळे. त्या काळी नायिका कॅमेऱ्यासमोर पुतळ्यासारखी उभी राहून गात असे. ही बाई गाताना अख्खी हलायची.

आणि मग 1937 साली 'कुंकू' आला. व्ही. शांताराम यांचं दिग्दर्शन, नारायण हरी आपटे यांची 'न पटणारी गोष्ट' ही कादंबरी. आई-बाप नसलेल्या नीराला फसवून एका म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेलं असतं. ती रडत बसत नाही, पळूनही जात नाही. हे लग्न मला मान्य नाही, एवढंच म्हणते आणि त्याच घरात राहून त्या शब्दाला जागते. केशवराव दात्यांचे काकासाहेब, म्हणजे तो म्हातारा वकील, आरशासमोर मिशांना कलप लावत असतात तो प्रसंग बघा. आधी हसू येतं, मग त्या माणसाची कीव येते, आणि तरीही आपण नीराचीच बाजू सोडत नाही. वयानं मोठा असलेला सावत्र मुलगा वेडंवाकडं वागायला जातो तेव्हा नीरा सरळ छडी उचलते. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, हे तुमच्यातल्या किती जणांना ठाऊक असेल? घरातले, रस्त्यातले जे आवाज असतील तेवढेच. त्यामुळे सगळा भार नटांच्या चेहऱ्यावर आणि आवाजावर पडतो. याच चित्रपटात शांताबाईंनी लाँगफेलो या अमेरिकन कवीची कविता चक्क इंग्रजीत गायली आहे. 1937 साली, मराठी नायिकेनं! विधवा सावत्र मुलगी झाल्या आहेत शकुंतला परांजपे, रँग्लर परांजप्यांच्या कन्या. पडद्याबाहेर त्यांनी संततिनियमनाच्या प्रसाराचं मोठं काम केलं.

इथपर्यंतचं थोडंफार तुम्हाला कुठं ना कुठं सापडेल. शांता आपटे म्हटलं की आणखी एक किस्साही हमखास सांगतात: आपल्याविषयी वेडंवाकडं छापणाऱ्या एका संपादकाच्या कचेरीत जाऊन तिनं त्याला छडीनं झोडपलं म्हणे. खरं-खोटं देव जाणे. किस्सा चटकदार आहे, पण माझी त्याच्याबद्दल तक्रार आहे. लोकांच्या लक्षात छडी राहते आणि बाईचं डोकं विसरलं जातं.

तिचं डोकं कसं चालायचं ते आता सांगते. 1939 सालचा जुलै महिना. तेव्हा नट-नट्या कंपनीच्या महिना पगारावर असत. करार संपेपर्यंत दुसरीकडे काम करायची मुभा नाही. करार आणि पैशांवरून प्रभातशी शांताबाईंचं बिनसलं. दुसरी एखादी घरी बसून रुसली असती. ही बाई स्टुडिओच्या फाटकाशी जाऊन उपोषणाला बसली. विचार करा, 'कुंकू'ची नायिका, जिच्या चित्रपटाला लोक रांगा लावायचे, ती आपल्याच कंपनीच्या दारात उपाशी बसली आहे! उपोषण हे हत्यार तेव्हा गांधीजींच्या हातात लोकांनी पाहिलं होतं. नटीच्या हातात पाहायची कुणालाच सवय नव्हती. वर्तमानपत्रांना आयतं खाद्य मिळालं. प्रभातशी तिचा संबंध तिथंच संपला.

दुसऱ्याच वर्षी, 1940 मध्ये, तिनं एक पुस्तक लिहिलं. नाव 'जाऊ मी सिनेमात?' प्रश्नचिन्हासकट. वय वर्षं चोवीस. सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींसाठी लिहिलेलं हे पुस्तक म्हणजे आठवणी नव्हेत आणि सौंदर्य टिकवण्याच्या युक्त्या तर नव्हेतच. सिनेमा हा धंदा आहे, त्यात पैसा घालणारे असतात आणि अंग मोडून राबणारे असतात, आणि चेहऱ्याला रंग लावणारी नटी ही राबणाऱ्यांतली आहे, असा तिचा रोखठोक हिशेब. कामानं शरीर कसं शिणतं, हेही तिनं लपवलं नाही. प्रभात काळातल्या आठवणींची पुस्तकं मी बरीच वाचली आहेत. पुरुषांनी लिहिलेल्या त्या पुस्तकांत कलेविषयी पानंच्या पानं असतात, पगाराविषयी क्वचित ओळ सापडते. माझ्या मते शांताबाईंची कुठलीही भूमिका घ्या, हे पुस्तक तिच्यापेक्षा मोठं आहे.

बरं, प्रभात सुटली म्हणून ती संपली का? 1941 साली 'सावित्री' नावाचा तमिळ चित्रपट आला. सावित्री कोण? आपली शांता आपटे! त्यासाठी ती तमिळ शिकली. आणि नारद कोण असेल? साक्षात एम. एस. सुब्बुलक्ष्मी. पुरुष वेषातला नारद त्यांनी पत्करला तो 'कल्की' साप्ताहिकासाठी पैसे उभे करायला. म्हणजे एकाच चित्रपटात दोन थोर गायिका, आणि दोघींची आपापल्या मेहनतान्याविषयी स्वतंत्र समज! लगेच 1942 साली लाहोरच्या पंचोलींचा 'जमीनदार'. पुढं चित्रपट बरेच झाले, पण 'कुंकू'ची उंची पुन्हा आली नाही, हेही सांगायला हवं. 1964 साली मुंबईत ती गेली. पन्नाशीही गाठली नव्हती.

प्रभातचा तो स्टुडिओ आज पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तुमच्यापैकी काही जण तिथं प्रवेश घेतील, काही मुंबईत मालिकांच्या सेटवर धडकतील. "आधी काम कर, पैशाचं नंतर बघू" असं सांगणारी माणसं तिथं पहिल्याच दिवशी भेटतील. सही करण्याआधी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि पैशाचं विचारताना आवाज खाली नेऊ नका.

शेवटी संयोजकांना एक विनंती. आता बक्षिसं द्यायची आहेत. यादी माझ्या हातात आहे. एकांकिकेतल्या नटांची नावं त्यात आहेत, पण प्रकाशयोजना करणाऱ्यांची, पडदा ओढणाऱ्यांची आणि विंगेतून वाक्यं पुरवणाऱ्यांची नाहीत. ती नावं मला लिहून द्या. सगळ्यात आधी मी तीच वाचणार आहे.