तांबे येते कोठून?



नाशिकची तांब्यापितळेची भांडी नावाजलेली. पण ज्या काळ्या फत्तरावर आपण गोदाकाठी बसलो आहोत, त्यात तांब्याची खाण निघत नाही. हा फत्तर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. १९५०-५१ साली सांकळिया व देव यांनी नाशिक आणि जोर्वे येथे उत्खनन केले. जोर्व्यास तांब्याच्या कुऱ्हाडी सापडल्या. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कुऱ्हाडींचाही धातू दुरूनच आलेला असला पाहिजे.

मग तो येतो कोठून? बव्हंशी गंधकाशी जखडलेल्या खनिजांतून. समुद्रतळाच्या भेगांतून साडेतीनशे अंशांपर्यंत तापलेले पाणी उसळते आणि थंड पाण्यात मिसळताच तांबे, जस्त, लोखंड गंधकासह खाली बसते. पॅसिफिक महासागरात १९७९ साली शास्त्रज्ञांनी हा प्रकार प्रत्यक्ष पाहिला. पुष्कळ जुन्या साठ्यांचा जन्म असाच झाला.

पुढे हे थर खोल गाडले जातात, तापतात, दाबले जातात. खडक रूपांतरित होतो. येथे एक गैरसमज काढून टाकू: या भट्टीत नवा धातू निर्माण होत नाही. असलेला धातू जागा बदलतो, एवढेच. पुरणपोळी लाटताना सैल पुरण जसे एका बाजूस सरकते, तशी मऊ खनिजे घड्यांच्या वळणांत साचतात. त्यांचे कणही मोठे होतात. म्हणून दगड दळून धातू वेगळा करणे सोपे जाते.

आपल्या महाराष्ट्रात हे विदर्भात पाहावयास मिळते. साकोलीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, शंभर कोटी वर्षांहून जुन्या खडकांत, नागपूर जिल्ह्यातील कोलारी येथे जस्ताचे साठे आहेत. तेथे गाहनाइट नावाचे जस्तयुक्त हिरवट खनिज मिळते. ते कठीण, सहसा न झिजणारे. त्यामुळे जस्ताचे मूळ खनिज उन्हापावसात विरून गेले, तरी हा साक्षीदार मागे राहतो.

तेव्हा खाण म्हणजे पुन्हा भरणारी विहीर नव्हे. शिवाय उघड्या पडलेल्या गंधकयुक्त दगडावर हवापाणी लागले की आम्ल बनते आणि ते ओढ्याला नासवते. त्या मानाने आपला तांबट शहाणा! तो जुन्या भांड्यांची मोड घेतो, वितळवतो, पुन्हा घडवतो. घरातला फुटका बंब अडगळ म्हणून टाकण्यापूर्वी एवढे आठवावे की त्यातील तांबे निसर्गाने कोट्यवधी वर्षे सांभाळून आपल्या हाती दिले आहे.