कसाला उतरणारा धंदा

गावोगावहून आलेल्या उद्योजक बंधू-भगिनींनो,

चेन्नईत आपलं मनापासून स्वागत. तमिळभूमीला मराठी माणूस नवा नाही. तंजावरच्या भोसल्यांनी इथे राज्य केलं, ग्रंथ जपले. पुढे खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी गावांतून सोनं गाळणारे गलाई बांधव आले. मी त्यांच्याच घरातला. भट्टीपुढे बसलेले आजोबा सांगायचे, "आधी हीण बाहेर काढ, मग भाव बोल." अनोळखी मुलखातलं गिऱ्हाईक त्यांच्या हाती सोनं सोपवायचं, ते या सचोटीवर.

मला मात्र वेड लागलं ते फोनचं. इथल्या रिची स्ट्रीटवर जुने फोन उघडून बघण्यात माझ्या कितीतरी संध्याकाळी गेल्या. श्रीपेरुंबुदूरला नोकियाचा कारखाना २००६ साली सुरू झाला आणि २०१४ साली बंदही पडला. आज त्याच पट्ट्यात फॉक्सकॉन आयफोनची जुळणी करते. यंत्रं येतात, जातात; माणसाची नड मात्र मागे राहते. धंद्याचा पाया त्या नडीवर घालावा, हे मी या शहराकडून शिकलो.

त्याचं एक उदाहरण सांगतो. आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी अजित नारायणन यांनी इथल्या 'विद्यासागर' संस्थेतल्या, बोलता न येणाऱ्या मुलांसोबत काम करून 'आवाज' घडवलं. चित्राला बोट लावायचं, की यंत्र त्या चित्राचा शब्द उच्चारतं. आधी त्यासाठी वेगळं उपकरण होतं, नंतर तेच टॅबलेटवर आलं. तहान लागली, एवढं सांगता येणं ही त्या लेकराच्या आईसाठी केवढी गोष्ट!

दुसरं उदाहरण तरमणीच्या एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठानचं. त्यांच्या 'फिशर फ्रेंड' ॲपवर मच्छीमाराला लाटांची उंची, वाऱ्याचा वेग, मासळी मिळण्याची ठिकाणं कळतात. सागरी सीमा जवळ आली की इशाराही मिळतो. होडी पाण्यात लोटायची की नाही, हे तो किनाऱ्यावरच ठरवू शकतो.

दोन्हीकडे आधी कुणीतरी ऐकून घेतलं, यंत्र मागाहून आलं. आपल्या कल्पनांनाही हाच कस लावूया. आपलं ॲप उद्या बंद पडलं, तर कुणाचं काम अडेल? ज्याचं अडेल, त्याचं गाव आणि त्याची नड आपल्याला सांगता आली पाहिजे. ती सांगता येत नसेल, तर अजून हीण निघायचं आहे.

म्हणून यजमान या नात्याने एक मागणं मागतो. या परिषदेत प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या माणसाची एक खरी अडचण घेऊन बोलावं. विट्याच्या द्राक्षबागायतदाराची असो, की इथल्या सौकारपेठेतल्या कारागिराची असो. त्यातली एक जरी सुटली, तरी ही परिषद कसाला उतरली असं मी मानेन.

स्वागत समितीच्या वतीने पुन्हा एकदा, या, बसा, मोकळेपणाने बोला. घर आपलंच आहे.