कपाळीचा लेख आणि कवटीची रचना
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठी घर पुण्यात असो, इंदुरात असो, बडोद्यात असो की बेळगावात, बाळ जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची चाल अनेक कुटुंबांनी जपली. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते, अशी श्रद्धा. या श्रद्धेने भाषेलाही पुष्कळ काही दिले. दुर्दैवी माणूस 'कपाळकरंटा' ठरला, न टळणारी गोष्ट 'कपाळी लिहिलेली' झाली आणि सर्वनाशाला 'कपाळमोक्ष' हा शब्द मिळाला. कवटी हातात घेऊन पाहिली, तर या कल्पनेचे नवल वाटत नाही. माथ्यावरच्या हाडांच्या सांध्यांतून इतक्या बारीक, नागमोडी, गुंतागुंतीच्या रेषा धावतात की, कोणीतरी घाईघाईने मोडी लिपीत काही लिहून ठेवले असावे, असा भास होतो. तेव्हा या हाडांवर खरोखर काय लिहिलेले आहे आणि काय लिहिलेले नाही, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. ग्रंथालय ही वाचनाची जागा, आणि नसलेले वाचणे हा वाचनातील सर्वांत मोठा दोष होय.

प्रथम रचना पाहू. कवटी हे एकच हाड आहे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात प्रौढ माणसाची कवटी बावीस हाडांची बनलेली असते. त्यांपैकी आठ हाडे मेंदूची पेटी तयार करतात. समोर कपाळाचे ललाटास्थी, माथ्याच्या दोन्ही अंगांस दोन पार्श्वास्थी, कानांच्या जागी दोन शंखास्थी आणि मागे पश्चकपालास्थी, ही सहा बाहेरून सहज दिसतात. उरलेली दोन तळाशी दडलेली आहेत. पंख पसरलेल्या वटवाघळासारखे दिसते म्हणून एकाला जतुकास्थी म्हणतात. जतुका म्हणजे वटवाघूळ. मेंदूपेटीच्या इतर सर्व हाडांना ते कोठे ना कोठे स्पर्श करते. दुसरे झर्झरास्थी. नाकाच्या छताशी असलेल्या या हाडाला चाळणीसारखी छिद्रे असतात आणि गंधाचे तंतू त्यांतून मेंदूकडे जातात. मोगऱ्याचा वास येतो तो या चाळणीमुळे.

चेहऱ्याची हाडे चौदा. वरच्या जबड्याची दोन, गालांची दोन, नाकाच्या उंचवट्याची दोन, टाळ्याची दोन, नाकपुड्यांच्या आतील वळलेल्या पापुद्र्यांची दोन आणि डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांतील नखाएवढी दोन अश्रु-अस्थी, ज्यांच्या खोबणीतून डोळ्यांतले पाणी नाकात उतरते. नाकाच्या मधल्या पडद्यात नांगराच्या फाळासारखे एक हाड असते, आणि शेवटचे खालच्या जबड्याचे. बावीसांपैकी मोकळेपणाने हलते ते हे एकच. बोलणे आणि चावणे, दोन्ही त्याच्या भरवशावर चालते.

कानांतील सहा चिमुकली हाडे या मोजणीत धरत नाहीत. हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी ही तीन-तीन हाडे शंखास्थींच्या पोटात असतात. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटर उंचीची. शरीरातील सर्वांत लहान हाड तेच. त्याच्या पलीकडे अंतःकर्णाला वेढून असलेला शंखास्थीचा भाग मात्र दगडासारखा घट्ट असतो, म्हणून त्याला अश्मभाग म्हणतात. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचे डीएनए शोधणारे संशोधक अलीकडे प्रथम याच भागाकडे वळतात, कारण या घट्टपणामुळे तेथे ते अधिक टिकून राहते.

माथ्याच्या हाडाची घडण दोन पत्र्यांमध्ये जाळी बसवावी तशी असते. बाहेर कठीण थर, आत कठीण थर आणि मध्ये सच्छिद्र थर. त्यामुळे वजन कमी राहते आणि आघात पसरून झेलला जातो. कानशिलाजवळ मात्र हे हाड बरेच पातळ असते आणि त्याच्या आतल्या अंगाला लगटून एक रोहिणी जाते. तेथे मार बसून ती फुटली, तर माणूस काही काळ शुद्धीवर, बोलता-चालता राहतो आणि नंतर कोसळतो. डोक्याला मार लागलेल्या माणसाला, तो ठीक दिसला तरी, नजरेखाली ठेवावे लागते, याचे हे एक मोठे कारण आहे. तळाशी पश्चकपालास्थीत एक मोठे भोक असते, ते महारंध्र. मेंदूकडून मज्जारज्जू पाठीच्या कण्यात उतरतो तो येथून. माणसात हे रंध्र कवटीच्या बरोबर खाली सरकलेले असते, म्हणून ताठ उभ्या माणसाचे डोके कण्यावर तोलून राहते. चार पायांवर चालणाऱ्या प्राण्यांत ते मागच्या बाजूस असते.

आता त्या नागमोडी रेषा. त्यांना शिवणी म्हणतात, आणि हा शब्द नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातील सात सेवनी सांगितल्या असून त्यांतील पाच डोक्याच्या आहेत. कवटीच्या सांध्याला तेथे 'तुन्नसेवनी' असे नाव आहे. तुन्नसेवनी म्हणजे कापडाची शिवण. हे ज्ञान तर्काने आलेले नव्हते. मृतदेह गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात ठेवावा, सात रात्रींनंतर काढून कुंचीने हळूहळू खरवडत एकेक थर डोळ्यांनी पाहावा, अशी रीत त्याच ग्रंथात दिली आहे. पुढे ही रीत मागे पडली आणि पाठांतर उरले, हा आपल्या विद्येच्या इतिहासातील दुःखाचा भाग.

या शिवणी कशासाठी? त्याचे उत्तर आजीच्या हाताला ठाऊक असते. बाळाची टाळू तेलाने भरताना तिच्या बोटांना तेथे हाड लागत नाही, मऊ पडदा लागतो आणि खाली हलके ठोके जाणवतात. जन्माच्या वेळी ही हाडे एकमेकांना जुळलेली नसतात. म्हणूनच जन्ममार्गातून येताना ती किंचित एकमेकांवर सरकतात आणि डोके बाहेर पडू शकते. पुढची टाळू साधारणपणे दीड-दोन वर्षांत भरते. मागची दोन-तीन महिन्यांतच मिटते. जुलाबाने बाळाच्या अंगातले पाणी कमी झाले की टाळू खोल जाते. मेंदूभोवती दाब वाढला की ती फुगते. दोन्ही वेळा डॉक्टरांकडे धाव घ्यावी. मेंदू वाढतो तशी हाडे शिवणींच्या काठाने वाढत जातात. सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत मेंदूचे आकारमान प्रौढाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पोहोचते. एखादी शिवण वेळेआधी मिटली तर डोके वेडेवाकडे वाढते, आणि कित्येकदा शस्त्रक्रियेने वाट मोकळी करावी लागते. म्हणजे सटवाईची लिपी वाटणारी ही रेषा भविष्याचा लेख नव्हे. ती वाढीसाठी राखलेली जागा आहे.

परंतु कपाळीचा लेख वाचण्याचा मोह भाबड्यांनाच झाला असे नाही. एकोणिसाव्या शतकात तो विद्वानांना झाला. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल मॉर्टन यांनी शेकडो कवट्या जमवल्या. आधी बिया आणि नंतर शिशाच्या गोळ्या भरून त्यांनी कवट्यांची धारणक्षमता मोजली, १८३९ मध्ये 'क्रेनिया अमेरिकाना' हा ग्रंथ काढला आणि मानववंशांची उतरंड लावली. हिंदुस्थानात हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी व लांबी यांच्या प्रमाणावरून जातींचा क्रम लावण्याचा खटाटोप केला. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त तेच होते. हातात कंपास आला, आकडे आले, पण वाचन सटवाईचेच राहिले. उत्तर आधी ठरलेले होते. हाडांवर ते केवळ चिकटवले गेले.

या मोहाला कंपासानेच उत्तर देणाऱ्यांत एक मराठी नाव आहे, आणि मराठी वाचकांना ते 'युगान्त'मुळे परिचित आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनच्या मानववंशशास्त्र संस्थेत डॉक्टरेटसाठी दाखल झाल्या. संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठतेच्या सिद्धान्ताचे पुरस्कर्ते होते. नाझी वंशविचाराला पुढे त्यांच्या लेखनाचा आधार मिळाला. त्यांनी दिलेला विषय होता मानवी कवटीची असमानता. डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते, ही गोष्ट खरी. उदाहरणार्थ, मेंदूकडून रक्त परत नेणारी मोठी नीला ज्या छिद्रातून बाहेर पडते, ते बहुधा उजवीकडे मोठे असते. परंतु ही असमानता युरोपीय माणसात वेगळी असावी आणि ती त्याच्या बुद्धीची खूण असावी, अशी तेथील अपेक्षा होती. इरावतीबाईंनी युरोपीय आणि आफ्रिकी मिळून सुमारे दीडशे कवट्या मोजल्या. असमानता सर्वांत आढळली; वंशाशी तिचा संबंध आढळला नाही. मार्गदर्शकाला न रुचणारा हा निष्कर्ष परदेशातील पंचविशीच्या विद्यार्थिनीने जसाच्या तसा लिहून दिला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम करतानाही त्यांनी मोजमाप सोडले नाही; गुजरातेतील लांघणज येथे सापडलेल्या प्राचीन मानवी सांगाड्यांचा त्यांनी अभ्यास केला. मोजणे वाईट नव्हे. मोजण्याआधी निकाल लावणे वाईट.

मग कवटी काय सांगते? दात आणि हाडांची वाढ पाहून मुलाचे वय बरेच जवळून कळते. प्रौढाचे वय शिवणींवरून अंदाजानेच सांगता येते, कारण त्या मिटण्याचा काळ माणसागणिक बदलतो. भुवयांवरचा उंचवटा, कानामागचा गाठीसारखा भाग आणि जबडा यांवरून स्त्री की पुरुष, याचा कौल मिळतो. खात्री दर वेळी नाही. जुना, भरून आलेला घाव दिसतो. घाव भरून येईपर्यंत तो माणूस जगला, हेही त्यातून कळते. मात्र बुद्धी, शील, कुळ, लायकी यांचा एक शब्दही हाडावर नसतो.

आणखी एक गोष्ट हाडावर लिहिलेली नसते, ती म्हणजे त्या माणसाचे नाव. बर्लिनमध्ये जमलेल्या कवट्यांत वसाहतींत मारल्या गेलेल्यांच्याही कवट्या होत्या. २०११ मध्ये तेथील शारिटे रुग्णालयाने हेरेरो आणि नामा लोकांच्या वीस कवट्या नामिबियाला परत केल्या. शंभर वर्षांनी त्या आपल्या भूमीस पोहोचल्या. हा दोष केवळ परक्यांचा नव्हे. जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अभ्यासले गेलेले असंख्य सांगाडे कलकत्त्याहून गेलेले होते. ते गरिबांचे आणि बेवारशांचे होते. त्यांची संमती कोणी विचारली नव्हती. १९८५ मध्ये भारत सरकारने या निर्यातीवर बंदी घातली. तोवर कित्येक पिढ्यांचे डॉक्टर या निनावी माणसांकडून शिकून गेले होते.

दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या, ही कथा मराठी घरांत सांगितली जाते. तिचे मर्म अस्थींइतकेच देण्यात आहे. आज अनेक जण जिवंतपणी इच्छापत्र करून आपला देह वैद्यकीय महाविद्यालयाला देतात. त्यांच्या कवटीवर हात ठेवून पहिल्या वर्षाचा विद्यार्थी बावीस हाडांची नावे पाठ करतो. त्या हाडांवर विधीने काहीच लिहिलेले नसते. पण ती तेथे आहेत, ती एका माणसाने स्वतःच्या हाताने केलेल्या सहीमुळे. कपाळीच्या लेखाहून तो लेख अधिक खरा आहे, आणि तो वाचण्यासाठी अक्षरओळख पुरेशी आहे.