घाणेरी आणि करवत

घाणेरी, जिला कित्येक ठिकाणी टणटणी म्हणतात, ती मूळची अमेरिका खंडातील. १९ व्या शतकाच्या आरंभी बागेची शोभा म्हणून ती भारतात आली आणि रानोमाळ पसरली. बंगळूरच्या नैर्ऋत्येस असलेल्या बंदीपूरच्या अरण्यात तिची एवढी दाटी झाली आहे की, तिच्या सावलीत गवत तग धरीत नाही आणि उन्हाळ्यात तिच्या वाळल्या जाळ्या वणव्यास सरपण पुरवितात.

अशा रानात उतरणाऱ्याने यंत्रकरवत निवडताना प्रथम खोड पाहावे. इंजिनाची शक्ती मागाहून. गवताला नायलॉनची दोरी पुरते, कोवळ्या झुडपाला तीन धारांचे पाते. लाकडी खोडाला मात्र दातेरी चक्रच हवे. दोन्ही खांद्यांवर भार सारखा वाटणारा पट्टा नसेल, तर दिवसभर काम निभत नाही. चक्र हे घड्याळ मानले, तर बारा ते तीन या भागाचा खोडास स्पर्श होताच यंत्र उसळते. म्हणून डाव्या अंगाने कापावे आणि सोबत्यांना १५ मीटर दूर ठेवावे.

तथापि, नुसती छाटलेली घाणेरी बुडख्यातून पुन्हा फुटते. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू यांनी सुचविलेली रीत निराळी आहे: मूळ जमिनीखाली कुदळीने तोडावे आणि झुडूप उलटे ठेवावे. तेव्हा करवतीच्या किमतीबरोबरच कुदळीची मजुरी आणि पुढील पावसाळ्यांत उगवणारी रोपे उपटण्याचा खर्च ज्याने हिशेबात धरला, त्याचीच निवड योग्य ठरते.